पालथं झोपवणारे हात

डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं तेव्हा मी त्यांच्या पेपरवेटमधल्या फुलाकडे बघत होते. ‘पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर’, म्हणजे मोठा धक्का ओसरून गेला तरी मन तिथंच अडकून राहणं. नर्सिंगच्या परीक्षेत मी हे पाठ करून लिहिलं होतं. ते आपल्यालाच होईल, हे कुणी शिकवलं नव्हतं.

लातूरच्या कोविड वॉर्डात आम्ही पेशंटला पालथं झोपवायचो. याला प्रोनिंग म्हणतात. पोटावर झोपलं की फुप्फुसात हवा नीट शिरते. किटमध्ये घामाने निथळत आम्ही तिघीचौघी मिळून एकेक माणूस वळवायचो. काही घरी गेले. काही आमच्या हातांतच गेले. साथ ओसरली, वॉर्ड आवरला, आमच्यावर फुलं उधळली गेली. मलाही वाटलं, सुटले.

मग दुपारची झोप विचित्र झाली. डोळा लागला की खोली निळसर व्हायची, पंख्याच्या आवाजात ऑक्सिजनची सुळसुळ मिसळायची आणि पलंगांची रांग पार उमरीला, माझ्या माहेरच्या शेतापर्यंत जायची. हरभऱ्यात पलंग, प्रत्येकावर कुणीतरी उताणं. मी वळवत जायचे. भीती नसायची, नुसती घाई असायची.

एका दुपारी असंच वळवताना कुणीतरी रडायला लागलं. जागी झाले तर माझी आठ वर्षांची मुक्ता पालथी पडलेली, आणि माझे दोन्ही हात तिच्या पाठीवर. त्या दिवसापासून ती आजीजवळ झोपायला लागली. 

म्हणून दवाखाना गाठला. पेशंटच्या बाकड्यावर बसायची सवय नाही. माझं नाव पुकारलं तेव्हा मी सवयीनं बाकीच्या पेशंटची रांग लावत होते. डॉक्टर म्हणाले, “सिस्टर, ड्यूटी संपली, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही.”

गोळ्या सुरू झाल्या. दर भेटीत स्वप्न मोठ्यानं सांगायचं असे. सांगता सांगता बिलोलीच्या एक काकू आठवल्या. वॉर्डात त्यांना वळवायला गेले, तर मास्कमधून म्हणाल्या होत्या, “किती दमलीस माय. बस की जरासं.” तेव्हा बसायला वेळ नव्हता. नंतर कधीतरी स्वप्नात त्या हरभऱ्यात दिसल्या आणि मी त्यांच्या पलंगाच्या कडेला बसले. खूप रडले. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही.

हे वाचणाऱ्या सिस्टर, आपण धडधाकट आहोत म्हणून अंगावर काढू नका. अजूनही मला कधीकधी ती निळी खोली दिसते.

गेल्या रविवारी जेवणं झाल्यावर मुक्ता उशी घेऊन माझ्याजवळ आली.  तिनं विचारलं, “मम्मी, कसं झोपू?”

“तुला पाहिजे तसं झोप,” मी म्हणाले.

ती आडवीतिडवी पसरली, पाय माझ्या पोटावर टाकला आणि घोरायला लागली.