नऊ मार्चचं पान

मंगळवार, १५ ऑक्टोबर २०१९. हवा कोरडी, दुपारनंतर दक्षिणेचा वारा. सकाळी पोस्टमन आला. एव्हेरार्दोच्या वकिलाचं पाकीट, चार पानं. आधी कोंबड्यांना दाणे टाकले, मग पाकीट उघडलं. आत कोर्टाच्या दफ्तराचा शिक्का मारलेला दाखला: सेनोबियो ओलिवारेस या नावाने घटस्फोटाची नोंद आढळली नाही. दुपारी जेवले नाही. ओतिलियाला फोन केला, उद्या साडेआठला गाडी आणते म्हणाली. जुन्या वह्या काढल्या.

एर्लिंदानं पेनाला टोपण लावलं. रोजनिशीची ही शिस्त तिला कॉन्व्हेंटात सिस्टर बेनिग्नांनी लावली होती. आधी तारीख, मग वार, मग हवा, मग घडलेलं. आणि मनातलं सगळ्यात शेवटी, जागा उरली तर. त्रेसष्ट वर्षांत जागा फारशी उरली नव्हती.

दाखल्याचा अर्थ सांगायला वकील लागत नव्हता. तिचा नवरा सेनोबियो मे महिन्यात गेला. त्याच्या पहिल्या बायकोचा मुलगा एव्हेरार्दो, याने वारसाच्या खटल्यात लिहून दिलं होतं की आपल्या आईचा, देल्फिनाचा, घटस्फोट कधी झालाच नाही. म्हणजे एर्लिंदाचं लग्न लग्नच नव्हे. म्हणजे एकेचाळीस वर्षं जिथे तिने चूल पेटवली ते घर तिचं नव्हे, देल्फिनाच्या मुलांचं. सुनावणी गुरुवारी सकाळी नऊला होती. जे काही कागद द्यायचे ते बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत.

देल्फिना मागच्या वर्षी वारली. पण जिवंत होती तोवर तिने गावभर एकच सांगितलं, "मी त्याला सोडलं नाही. देवाने मारलेली गाठ मी सोडणारी कोण?" गावाला ते पटत असे. नाताळात तिच्या दारात मक्याच्या पिठाच्या तामालेसची पातेली येत, टाकलेल्या बाईला म्हणून. आणि एर्लिंदाने घटस्फोटित माणसाशी लग्न केलं म्हणून तिला मात्र चर्चचा प्रसाद बंद. तरी ती दर रविवारी तिसऱ्या बाकावर जाऊन बसायची. सगळे उठून वेदीकडे जात तेव्हा ती एकटी मान ताठ ठेवून बसून राही. देल्फिना तिच्या अंगावरून जाई, पदर सावरावा तशी शाल आवरून घेई, आणि बघत नसे. चाळीस वर्षं. रविवारच मोजायचे तर दोन हजारांवर.

रात्री आडवं पडण्याआधी एर्लिंदाने अठ्ठ्याहत्तर सालची वही उघडली. निळा पुठ्ठा, कोपरे उंदराने खाल्लेले.

"गुरुवार, ९ मार्च १९७८. वारा जोराचा, धूळ. सेनोबियो साडेबाराला कोर्टातून आला. करडा टाय. झालं म्हणाला. जजसमोर काय बोललास विचारलं, तर म्हणे मला कुणी काही विचारलंच नाही. शेवयांचं सूप, दोन वाट्या. आजपासून तीस दिवस मोजायचे."

तीस दिवस मोजले होते, कायदाच तसा होता. दहा एप्रिलला, सोमवारी, दोघांनी लग्न केलं. तिने वही पावाच्या रिकाम्या पिशवीत घातली आणि पिशवीला गाठ मारली.

ओतिलिया बरोबर साडेआठला आली. तिच्या थोरलीच्या बाप्तिस्म्यात एर्लिंदा धर्ममाता होती, तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रेच म्हणत.

"कोमाद्रे, हे डब्यात काय? सहलीला निघालीस काय?"

"बटाटा-अंड्याचे टाको. सहा आहेत. ते हो म्हणेपर्यंत बसायचं म्हटलं तर उपाशी का बसायचं?"

"आणि पाचपर्यंत नाहीच म्हणाले तर?"

"तर तुला तीन, मला तीन."

कोर्टाच्या दफ्तराच्या खिडकीवर यारित्सा नावाची मुलगी होती. पंचविशीतली, चष्मा डोक्यावर. तिने एव्हेरार्दोच्या दाखल्याची प्रत पाहिली आणि तिचा चेहरा उजळला.

"हा मीच दिलाय, दोन्या. शोधलं होतं मी. नाही सापडलं." वडीलधाऱ्या बाईला मानाने म्हणायचं ते दोन्या.

"कशात शोधलंस, पोरी?"

"कॉम्प्युटरमध्ये."

"आणि तुझा कॉम्प्युटर कधीपासूनचं सांगतो?"

यारित्साने चष्मा डोळ्यांवर घेतला. "शहाऐंशीपासूनचं."

"माझ्या नवऱ्याचा घटस्फोट अठ्ठ्याहत्तरचा. म्हणजे सापडलं नाही असं नाही, तू शोधलंच नाहीस. शोधलं नाही असं का नाही लिहिलंस?"

"तसा छापील कागद नसतो आमच्याकडे."

मागे ओतिलिया खुदकन हसली. यारित्साही हसली असती, पण तिने आवरलं. जुन्या खटल्यांची नावांची सूची वह्यांमध्ये आहे, ती म्हणाली, पण ओ अक्षराची वही ऐंशीच्या वादळात छत गळून लगदा झाली. फाइली पण गेल्या, बऱ्याचशा. सूची नाही तर नंबर नाही, नंबर नाही तर शोधायचं कुठे?

"फाइल राहू दे," एर्लिंदा म्हणाली. "जज रोज जे हुकूम देतो ते लिहून ठेवायचा रोजनामा असतो की नाही?"

"असतो."

"तो नावाने लावतात की तारखेने?"

यारित्सा थांबली. "तारखेने. पण अठ्ठ्याहत्तर सालात तीनशे पासष्ट तारखा आहेत, दोन्या."

एर्लिंदाने पिशवीची गाठ सोडली, वही खिडकीत ठेवली आणि त्या पानावर बोट ठेवलं.

पोरीने वाचलं. दोनदा वाचलं. "शेवयांचं सूपसुद्धा लिहिलंय," ती हळूच म्हणाली. मग तिला आपण खिडकीच्या आत आहोत हे आठवलं. "ते रोजनामे मागे जुन्या तुरुंगात ठेवलेत. तुम्ही अर्ज भरा, आम्ही दहा दिवसांत कळवतो."

"उद्या नऊला सुनावणी आहे माझी."

"नियम आहे, दोन्या."

"रोजनामा कुणालाही बघता येतो ना? लोकांसाठी खुला?"

"हो, खुला आहे."

"मग मी लोकच आहे. आणि ही पण." तिने ओतिलियाकडे बोट केलं. "आम्ही दोघी लोक त्या बाकावर बसतो. तुला जेव्हा जमेल तेव्हा."

त्या बसल्या. दहा वाजले, अकरा वाजले. घटस्फोटाचे अर्ज घेऊन माणसं येत होती, पोरं कडेवर घेऊन पोटगीचे कागद विचारायला बाया येत होत्या. एर्लिंदा कुणाला फॉर्म वाचून दाखवी, कुणाला सही कुठे करायची ते सांगे. "तिथे नको, खाली. वर तारीख. आधी तारीख." बारा वाजता तिने डबा उघडला. बटाट्याचा वास खिडकीच्या आत गेला असावा, कारण यारित्सा बाहेर आली.

"तुम्ही खरंच जाणार नाही?"

"जाणार. तू येतेस का बरोबर?"

"तिथे मागच्या महिन्यात साप निघाला होता."

"मग त्यालाच विचारू. तुम्ही कुणी वाचत नाही, त्याने तरी वाचलं असेल."

यारित्साने किल्ल्या घेतल्या. एक टाको पण घेतला.

जुन्या तुरुंगाच्या कोठड्यांमध्ये लोखंडी फळ्या होत्या. वह्या मांडीएवढ्या जाड, एकेक उचलायला दोघी लागत. ओतिलिया दारातच उभी राहिली, सापावर आपला विश्वास नाही म्हणाली. अठ्ठ्याहत्तरच्या तीन वह्या होत्या. दुसरीतच मार्च निघाला. सहा तारीख, सात, आठ. पानं पिवळी, पण शाई काळीभोर होती. कुणी मन लावून लिहिलेलं.

नऊ मार्च, गुरुवार. जमिनीचा एक तंटा. एक दत्तक. आणि मग ओलिवारेस.

यारित्सा बोटाने ओळ धरून मोठ्याने वाचायला लागली. "अर्जदार... देल्फिना ओलिवारेस. स्वतः हजर. शपथेवर जबानी दिली की नवऱ्यासोबत संसार करणं आता अशक्य, आणि तिला विवाहातून मोकळीक हवी. सामनेवाला सेनोबियो ओलिवारेस हजर, हरकत नाही. घटस्फोट मंजूर." ती वर बघत म्हणाली, "मिळालं, दोन्या! अहो, मिळालं!"

एर्लिंदाने परत वाचायला सांगितलं. मग स्वतः वाचलं.

अर्जदार देल्फिना. जजसमोर उभी राहिली ती देल्फिना. मोकळीक मागितली ती देल्फिनाने. सेनोबियोला कुणी काही विचारलंच नाही, कारण विचारायचं कारणच नव्हतं. त्या माणसाने खरं सांगितलं होतं, आणि एकेचाळीस वर्षं ती त्याला विनोद समजत आली. त्याने तोंड का उघडलं नाही? देल्फिनाने गळ घातली असणार: गाठ मी सोडली हे गावाला कळू देऊ नकोस. आणि त्याने शब्द पाळला. एका बायकोला दिलेला शब्द दुसऱ्या बायकोच्या जिवावर पाळला. दोन हजार रविवार ती बाकावर बसून राहिली, तो शेजारी बसून राहिला, आणि देल्फिना शाल आवरत बाजूने गेली.

"लबाड," एर्लिंदा म्हणाली. कुणाला ते यारित्साला कळलं नाही.

"दोन्या, बसता का जरा? पाणी आणू?"

"बसायला वेळ नाही. याची नक्कल दे. शिक्क्याची. दोन प्रती."

साडेचारला नकला हातात आल्या. यारित्साने त्याबरोबर आणखी एक कागद जोडला होता, आपल्या हाताने लिहिलेला, खाली सही आणि शिक्का: आधीचा दाखला देताना शहाऐंशीपूर्वीची दफ्तरं तपासली नव्हती.

"असा छापील कागद नसतो ना तुमच्याकडे?"

"नसतो. म्हणून हाताने लिहिला."

वारसाचे खटले समोरच्या दालनात, दुसऱ्या खिडकीवर. तिथल्या माणसाने चष्म्याखालून घड्याळ पाहिलं. "उद्या या, आजी."

"घड्याळात चार चाळीस झालेत. पाटीवर पाच लिहिलंय. एक तर पाटी बदला, नाही तर शिक्का उचला."

त्याने शिक्का उचलला. चार एक्केचाळीस.

"दुसऱ्या बाजूला प्रत द्यावी लागते," तो म्हणाला. "टपालाने पाठवली तरी चालते."

"मला चालत नाही," एर्लिंदा म्हणाली.

एव्हेरार्दोचं टायरचं दुकान हमरस्त्यावर होतं. त्याने तिला गाडीतून उतरताना पाहिलं आणि हात पुसत पुढे आला. पन्नाशीचा गडी, सेनोबियोचीच रुंद हनुवटी. लहानपणी याच हनुवटीला तिने एकदा टाके घालून आणले होते.

"काय बाई, सामान हलवायला गाडी हवीय का? पुतण्याला सांगतो."

"वाच हे."

त्याने वाचलं. ओठ हलत होते. मग त्याने कागद उलटा केला, जणू खरं मागच्या बाजूला असावं.

"हे खोटं आहे. माझ्या आईने कधी... ती दर रविवारी..."

"दर रविवारी मला दिसत होती ती, एव्हेरार्दो. मला तू सांगू नकोस."

दुकानातली दोन माणसं काम थांबवून बघत होती. त्याने आवाज खाली आणला. "ऐका. मी खटला मागे घेतो. आज, आत्ता. घर ठेवा तुम्ही. फक्त हा कागद कोर्टात दाखवू नका. लोक काय म्हणतील तिला? ती आता नाहीये बाजू मांडायला."

ओतिलियाने गाडीतून मान बाहेर काढली होती. एर्लिंदाने त्याच्याकडे नीट पाहिलं. तो खोटं बोलत नव्हता. आईसाठी त्याचा चेहरा खरंच कळवळला होता. आणि तिला घर मिळत होतं.

"माझं काय म्हणत होते लोक, ते कधी ऐकलंस?" ती म्हणाली. "तुझ्या बापाच्या मयताला मला पाचव्या रांगेत बसवलंस, आठवतं? तेव्हा मी नव्हते का बाजू मांडायला? घर ठेवा म्हणतोस. घर माझंच आहे, ते तू मला काय देतोस? मला माझं नाव हवंय. ते या कागदाने परत मिळतं, आणि कागद कोर्टात आहे. चार एक्केचाळीसला शिक्का पडला."

"परत घेता येईल."

"येत असलं तरी घेणार नाही." तिने पिशवी काखेत मारली. "आणि तुझ्या आईची लाज तू बाळगू नकोस. अख्ख्या गावात त्या वर्षी जजसमोर जाऊन जे हवं ते मागणारी ती एकटी होती. मला हेच आधी कळलं असतं तर मी उठून तिचा हात धरला असता. तिने ते लपवलं, हे वाईट. तू तरी लपवू नकोस."

 त्याने कागद घडी करून खिशात ठेवला, फाडला नाही.

 गाडीत ओतिलिया म्हणाली, "कोमाद्रे, रविवारी कुठल्या बाकावर बसणार?"

"तिसऱ्याच. माझी जागा आहे ती."

संध्याकाळी दिवा लावून ती टेबलाशी बसली.

"बुधवार, १६ ऑक्टोबर २०१९. हवा कोरडी, वारा पडला. कोर्टात सकाळी पावणेनऊ ते चार पंचेचाळीस. रोजनाम्यात ९ मार्चचं पान सापडलं. अर्जदार देल्फिना. नक्कल दाखल केली, एक एव्हेरार्दोच्या हातात दिली. उद्या नऊला सुनावणी, ओतिलिया आठला येईल. टाको सहा नेले, एकही उरला नाही. उद्यासाठी एक पौंड घेवडा निवडून भिजत घातला. खडे दोन निघाले."