तिचं वाढलेलं वजन

नांदुऱ्याच्या एका शाळेत मी क्लार्क होतो. रिटायर झालो त्याच वर्षी मला हार्ट अटॅक आला. वाचलो, पण हृदय कमजोर झालं. डॉक्टरांनी सांगितलं, "काका, रोज सकाळी चहाच्या आधी वजन करायचं. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर थांबायचं नाही, लगेच यायचं. अंगात पाणी साठतं. दम लागायच्या आधी ते काट्यावर दिसतं."

आम्ही वजनकाटा आणला. मला चष्म्याशिवाय आकडे दिसत नाहीत, म्हणून बायको वाकून वाचायची आणि वहीत लिहायची. पायावर सूज आहे का, हेही तीच पाहायची. माझं वजन कधी हललं नाही.

हिवाळ्यात ती जळगाव जामोदला भाचीच्या लग्नाला जाऊन आली. आल्यापासून तिला खोकला होता. झोपताना दोन उशा घ्यायची. एका सकाळी माझा आकडा लिहून झाल्यावर ती स्वतःच काट्यावर चढली.

"अवो, मायं तं तीन किलो वाढलं. जोडवीबी घट्ट होऊन राह्यली."

"लग्नात जेवली असशील दाबून," मी म्हणालो.

ती हसली. मीही हसलो. तिनं काटा पलंगाखाली सरकवला आणि चहा टाकायला गेली. सूज, खोकला, आडवं पडल्यावर दम लागतो म्हणून उंच उशी, ही सगळी लक्षणं मला पाठ होती. पण मला ती फक्त माझ्या आजाराची वाटत होती. तिला कधी साधा तापही आलेला मला आठवत नव्हता.

आठ दिवसांनी कपडे वाळत घालताना ती मटकन खाली बसली. दम लागून तिला बोलता येत नव्हतं. रिक्षात घालून माझ्याच डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिच्या घोट्यावर बोट दाबलं. खळगा पडला, तो भरेचना.

"कधीपासून आहे हे?"

"झाला असंन महिना," ती कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. सोनोग्राफीसारखी छातीची तपासणी झाली. हृदय माझ्यापेक्षा कितीतरी जास्त थकलेलं निघालं. औषधं चालू झाली, पाणी उतरलं, ती घरी आली. दोन महिन्यांत पुन्हा भरती करावं लागलं. त्या खेपेला ती परत आली नाही.

तेराव्यानंतर मुलगी माझी औषधं डब्यात लावून देत होती. हात न थांबवता तिनं विचारलं, "बाबा, आईनं तुम्हाले आधी काहीच सांगतलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

तिनं डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाली, "आईले सवयच होती सारं लपवाची."

मी मान डोलावली.