कानात सांगायचं ते चौकात

माझ्या बाहुलीच्या डोक्यावर अक्षरं उमटली आणि मोबाइलवरच्या खेळातल्या सगळ्या चौकानं ती वाचली: ‘रविवारी अक्कलकोटला ये, आईला सांगू नकोस.’ मुलगा वारल्यावर सून नातीला घेऊन माहेरी गेली आणि आम्हा आजी-नातीचं बोलणं तोडलं. जायच्या आधी नातीनं माझ्या मोबाइलवर हा खेळ लावून दिला होता. आधी तिरपी रेघ, मग तिचं नाव, मग निरोप. असं लिहिलं की फक्त तिलाच दिसतं, हे तिनं माझ्याकडून चारदा घोकून घेतलं होतं. त्या दुपारी शेजारचे माग खडखडत होते, मी घाईत होते, रेघ राहिली. चौकातल्या एकानं लिहिलं, “आजी, आमाला काय दिसलं न्हाय बगा.” दुसरा म्हणाला, “व्हय की, आमी समदे आंधळे.” पण नातीचा मामाही तिथं खेळायचा. त्यानं लिहिलं, “मला दिसलं.” नातीची बाहुली उभ्या जागी नाहीशी झाली. रविवारी मी अक्कलकोटच्या स्टँडवर शेवटच्या गाडीपर्यंत बसले. कोणी आलं नाही. अजूनही दुपारी चौकात जाते, बसायची आज्ञा लिहिते, बाहुली बसते. नात पुन्हा तिथं दिसली नाही. मी तिची आजी, तिच्या वडिलांची आई.