बेडकांना निजवणारी बाई

चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होतो. थंडीत बेडूक ओल्या मातीत कसे दडून राहतात ते पाहायला मी अहेरीजवळच्या एका तळ्याकाठी खुरपं घेऊन बसलो होतो. दोन बेडूक पाहून परत मातीत ठेवले, तिसरा काढला आणि डोक्यावरून आवाज आला, "मास्तर, निजल्या जिवाले काऊन उठवून राह्यले?"

कमरेवर हात ठेवून एक म्हातारी उभी होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं, कारण सगळे प्रश्न तीच विचारत होती.

"अभ्यास करतोय, बाई."

"माहा धान खळ्यावर उघडा पडला हाये. बेडूक वरडला का पाणी येते. तुमचं कालेज भिजते का?"

बेडकाच्या ओरडण्यानं पाऊस येत नसतो, असं मी समजावू लागलो. तिनं ओठांवर बोट ठेवून मला गप्प केलं. मग माझ्या हातातला बेडूक घेऊन खड्ड्यात ठेवला, वर माती लोटली आणि लेकराला थोपटावं तशी ती थोपटत बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आभाळ भरून आलं. चहा तसाच टाकून मी तळ्याकडे धावलो. नोंदी राहिल्यात, असं वाटेत स्वतःला बजावत होतो. बाई आधीच तिथं उकिडवी बसून माती थोपटत होती. मला पाहून तिला मुळीच नवल वाटलं नाही.

"आले का? तिकडले दोन तुमचे," ती हळूच म्हणाली.

मी मुकाट्यानं थोपटायला बसलो.

पाऊस आला नाही. त्याचं शास्त्रीय कारण शोधायच्या भानगडीत मी पडलो नाही.