कॉम्प्युटर चालू होईपर्यंत

खांदा कॉलनीतल्या आमच्या घरी कॉम्प्युटर फास्ट करून द्यायला उरणचा एक माणूस आला होता. आला एकदाच, पण मला तो अजूनही आवडत नाही.

सीपीयूचं झाकण उघडण्याआधी त्याने खिडकीच्या गजाला हात लावला. "अंगातला करंट सोडायला लागतो काका, नायतर चिप उडते." लगेच माझ्या लेकीनेही गजाला हात लावला. काढलेले स्क्रू ओठांत धरून तो तसाच बोलत होता आणि ती खळखळून हसत होती. माझ्या विनोदांना मात्र हल्ली "बाबा, पुरे!"

मेमरीची नवी पट्टी बसवून, नको ते प्रोग्रॅम काढून त्याने कॉम्प्युटर चालू केला. "बगा काका, आता ताटकळायला नको."

ताटकळायला? तो डबा चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा, की तेवढ्यात लेक मला अख्खं कॉलेज सांगून टाकायची. दिवसभरात माझ्या वाट्याला ती तेवढीच यायची.

दुसऱ्या संध्याकाळी मी नेहमीप्रमाणे खुर्ची ओढेपर्यंत स्क्रीन उजळलीसुद्धा. "झाला चालू, बाबा," ती मान न वळवता म्हणाली.

मी खिडकीपाशी गेलो, गजाला हात लावला. अंगातलं काही सुटलं नाही.