रंगाचा रकाना

मेहकरच्या वधू-वर मेळाव्याचा प्रोग्राम मी लिहिला, तो खरं तर ताईसाठी. चिखलीच्या कम्प्युटर क्लासमध्ये मी शिकवायचो, म्हणून समाजातल्या एका काकांनी ते काम माझ्या गळ्यात घातलं. मुलीची माहिती आधी पडद्यावर दिसेल, पटली तर दोन्ही घरं बोलतील, असं ठरलं. ताईची अट एकच होती, रंगाचा रकाना ठेवायचा नाही. परक्यांपुढे पोह्यांचा ट्रे नेऊन नेऊन ती विटली होती.

“या बारीनं लोक मले आधी वाचतील, मंग पाहतील,” ती म्हणाली.

मेळाव्याच्या सकाळी मंडपात पोचलो, तर क्लासचा कम्प्युटर गायब. आदल्या दिवशी मीच तो टेम्पोत चढवून दिला होता. त्याच्या जागी एक कोरा करकरीत, हळद-कुंकू लावलेला, गळ्यात झेंडूचा हार.

“शुभ कामाले वापरलेलं काऊन ठेवू बे?” काका खुशीत होते. “तुहा प्रोग्राम, पोरींची माहिती, सारं फ्लॉपीनं यात टाकलं. जुना वापस धाडला.”

माझं डोकं सणकलं. माझा प्रोग्राम सुरू होताच आधी डेटाबेसची लायब्ररी, म्हणजे साठवलेली माहिती वाचून देणारी एक वेगळी फाइल, जोडून घ्यायचा. त्या फाइलशिवाय त्याला माहितीतलं एक अक्षरही वाचता येत नसे. आणि ती फाइल जुन्या मशीनमध्येच राहिली होती. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली, लायब्ररी सापडत नाही. चिखलीला फोन लावला, तर क्लासला रविवारची सुट्टी. ताईची सगळी माहिती समोरच्या डब्यात होती आणि ती बाहेर काढायला माझ्या हातात काहीच नव्हतं. तरी मी वेड्यासारखा प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवत राहिलो. रडू येत होतं.

मंडपात चुळबुळ वाढली, तशी काकांनी माइक घेतला. “मशीनचं राहू द्या. पोरी एकेक करून स्टेजवर येतील.”

ताईने माझ्याकडे पाहिलं. मी नकारार्थी मान हलवली. पदर सावरून ती वर गेली. बी.एस्सी., बी.एड. झालंय, शाळेत गणित शिकवते, असं तिने स्वच्छ आवाजात सांगितलं.

पुढच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या, “जराशी इकडे उजेडात ये, माय. रंग समजून नाही राह्यला.”

ताई उजेडात आली.