दुखनं माह्या नावावर

समोरचे डॉक्टर सोमवारी सकाळी गेले. मी पाचवीच्या वर्गावर होतो. निरोप आला, मी गेलो. दुपारी त्यांना नेलं. त्यांची कुत्री चिंगी माझ्या ओसरीवर होती.

ती माझ्या ओसरीवर का होती, हे सांगायचं तर त्यांच्या नोकरीपासून सुरुवात करावी लागेल.

अमडापुरात आम्ही समोरासमोर राहायचो. गुरांच्या दवाखान्यात ते मलमपट्टी करायचे, सुया टोचायचे. डॉक्टर नव्हते, पण गाव त्यांना डॉक्टरच म्हणे. कुणी कुत्रं घेऊन आलं, की सुई भरता भरता ते मालकाला सांगायचे, "तुमी भायेर व्हा."

"काऊन? मी धरतो ना त्याले."

"सुईच्या टायमाले घरच्याचं तोंड दिसू नाई. दुखनं माह्या नावावर राहू द्या."

मालक बाहेर जाई. दवाखान्याचा शिपाई कुत्रं धरी. सुई झाली की हे मागच्या दाराने निघून जात, मग मालकाने आत यायचं, पाणी पाजायचं, अंगावरून हात फिरवायचा. ही पद्धत त्यांना कुणी शिकवली नव्हती. सरकारी कागदात तर नव्हतीच.

परिणाम काय झाला असेल, तुम्ही ओळखलंच असेल. गावातलं एकही कुत्रं त्यांच्या जवळ येत नसे. ते बाजारात शिरले की हातगाड्यांखालची कुत्री उठून पलीकडच्या गल्लीत जात. भाजीवाली एक मावशी म्हणायची, "डॉक्टर, रोज येत जा बाप्पा. माह्या टोपलीपाशी कुत्रं टिकत नाई तुमी आले का."

ते हसत. "थे मले ओयखते, मावशी. मानसापेक्षा बरं ओयखते."

चिंगी एवढी त्यांची. काळी, एक कान मोडलेला. तिला त्यांनी स्वतः कधी सुई दिली नाही. दर वर्षी लुनावर पुढे बसवून चिखलीच्या दवाखान्यात नेत आणि तिथे शहाण्या मालकासारखे बाहेर थांबत. त्यांच्या बायकोला, काकूंना, याचा फार राग. "गावाच्या कुत्र्याले टोचते अन् घरच्या कुत्रीले चिखली दाखवते!"

"अवो, साऱ्या गावानं भुकल्यावर घरी शेपटी हालवनारं कोनी पायजे ना."

"मी हाये ना घरी."

"तू बी भुकते."

ते निवृत्त झाले, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. रविवार होता. काकू माहेरी गेलेल्या. चिंगी कुणाच्या तरी शेताच्या तारेत अडकली आणि मांडी फाडून घरी आली. रक्त थांबेना. मी धावत गेलो तेव्हा त्यांनी खाटेच्या पायाला तिला बांधलं होतं, तोंडाला पट्टी आवळली होती.

"लुना काढू?" मी म्हणालो.

"चिखलीपावतर नाई टिकनार थे." त्यांनी पेटी उघडली.

"मी धरतो."

"नाई. सर, आज घरचे तुमी. भायेर व्हा."

"अहो, घरचे तर तुम्ही!"

"म्हून त सांगून राह्यलो. उद्या तिले कोनाकडं तरी जाता आलं पायजे."

मी बाहेर गेलो. अर्धा तास आतले आवाज ऐकत उभा राहिलो. मी आयुष्यभर पुस्तकं वाचली आहेत. त्या अर्ध्या तासात एकही कामी आलं नाही. मग हाक आली, "या आता. पानी तुमी पाजा." मी आत शिरलो तेव्हा मागचं दार वाजलं.

चिंगी वाचली, आणि माझ्या घरी राहायला आली.

अंगाचा दवाखान्याचा वास जावा म्हणून त्यांनी साबण बदलला, स्पिरिटची पेटी गोठ्यात नेऊन ठेवली. तरी त्यांना पाहून तिचं गुरगुरणं थांबलं नाही. एकदा मी तिला पट्ट्याने ओढत त्यांच्या दारात नेलं. ती थरथरत जमिनीला चिकटली.

"सोडा तिले," ते म्हणाले. "तिचं काय चुकलं? बराबर ध्यानात ठेवलं तिनं."

त्यानंतर ते संध्याकाळी माझ्या कुंपणाबाहेर उभे राहत. "खाल्लं का?" एवढंच विचारत आणि जात. मी आत या म्हणे. ते येत नसत. माझ्या हातातली भाकरी चिंगी खाई, आणि मला दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं वाटे.

या वर्षी त्यांचं हृदय थकलं. खाटेवरच असत. रविवारी संध्याकाळी मी गेलो तेव्हा म्हणाले, "सर, एकबार आनता का तिले? दुरून पाह्यतो."

मी म्हणालो, "उद्या आणतो."

खरं सांगायचं तर मला भीती वाटली. ती गुरगुरली तर? त्या माणसाने शेवटी ते ऐकावं, हे मला सोसलं नसतं. मी त्यांना वाचवत होतो, असं तेव्हा वाटलं. आता वाटतं, मी स्वतःला वाचवत होतो. त्यांना गुरगुरण्याची सवय होती.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

त्यांना नेताना चिंगी ओसरीवरून उठली नाही. लोक म्हणाले, जनावर ते, विसरलं. पण घर धुतलं, त्यांच्या गाद्या-कपडे गेले, पेटी कुणी मागून नेली, आणि चिंगी रस्ता ओलांडून तिकडे जायला लागली. त्यांना शोधायला जाते, की त्यांचा वास गेला म्हणून आता जाऊ शकते? मी रोज ठरवतो आणि रोज बदलतो. काकूंना विचारलं तर म्हणाल्या, "तिले मालूम, सर. तुमाले नाई समजनार."

दुपारभर ती तिथे असते. दार उघडं असतं. ती उंबरठ्याच्या अलीकडे बसते. आत जात नाही आणि मी हाक मारली तरी उठत नाही. दिवेलागणीच्या आधी मी तिला उचलून घरी आणतो.